दाब, वेढा आणि मोजमाप : प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव रोखणाऱ्या साधनांचा इतिहास

प्रास्ताविक

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. या म्हणण्यामागे काव्य कमी आणि अनुभव अधिक आहे. मूल सुखरूप जन्माला येते, वार पडते, घरात आनंदाची बातमी पोचते आणि त्यानंतरच्या घटका-दोन घटकांत बाळंतीण हातची जाते, हा प्रसंग कित्येक कुटुंबांच्या स्मरणात आहे. मात्र वैद्यकाच्या इतिहासावर मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात प्लेग, देवी, पटकी या साथींना आणि त्यांच्या निमित्ताने झालेल्या राजकीय संघर्षांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे बाळंतिणीच्या खोलीला मिळालेले नाही. साथीच्या रोगाची कागदपत्रे सरकार ठेवते, अधिकारी अहवाल लिहितात, वृत्तपत्रे अग्रलेख लिहितात. रक्तस्रावाने दगावलेल्या बाईची नोंद फार तर जन्ममृत्यूच्या रजिस्टरात एका ओळीची असते.

प्रस्तुत लेखात प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव आटोक्यात आणण्यासाठी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जी साधने योजली गेली, त्यांचा मागोवा घेतला आहे. ही साधने तीन प्रकारची दिसतात. काही गर्भाशयाच्या आतून दाब देतात, काही शरीराला बाहेरून वेढा घालतात आणि एक साधन असे आहे की ते रक्त थांबवत नाही, केवळ मोजते. प्रस्तुत लेखिका इतिहासाची अध्यापक आहे, वैद्यकाची नव्हे. त्यामुळे कोणते साधन वापरावे याचा निवाडा येथे अपेक्षित नाही. स्वस्त आणि साध्या साधनाची कीर्ती कशी तयार होते, ती कोणत्या पुराव्यावर उभी असते आणि पुढे तो पुरावा तपासला गेला म्हणजे काय होते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

विषय समजण्यापुरती शरीररचनेची माहिती आवश्यक आहे. गर्भारपणाच्या अखेरीस गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. वार सुटून आली की तिच्या जागी असलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्या मिटवण्याचे काम गर्भाशयाचे स्नायूच करतात. त्यांचे तंतू एकमेकांत जाळीसारखे विणलेले असतात आणि ते आकुंचन पावले की त्यांच्यामधून जाणाऱ्या वाहिन्या आपोआप आवळल्या जातात. हे आकुंचन झाले नाही, गर्भाशय सैल राहिले, तर ही गाठच बसत नाही. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. जखमा, आत राहिलेले वारेचे तुकडे आणि रक्त न गोठण्याचे विकार ही अन्य कारणे होत. उपचार न मिळाल्यास रक्तस्राव सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचे अंतर सरासरी दोन तासांचे असल्याचा अंदाज वैद्यकीय लेखनात वारंवार येतो. प्रसूतीशी संबंधित अन्य कोणत्याही मोठ्या संकटात एवढा कमी अवधी मिळत नाही. साधनांच्या या सगळ्या इतिहासावर त्या दोन तासांची छाया आहे.

कापडाच्या पट्टीपासून फुग्यापर्यंत

आतून दाब देण्याची कल्पना जुनी आहे. जर्मन वैद्य ड्यूर्सन यांनी १८८७ मध्ये आयोडोफॉर्म लावलेल्या जाळीदार कापडाची लांब पट्टी गर्भाशयात ठासून भरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पट्टी वरच्या टोकापासून घड्या घालत, कोठेही पोकळी न सोडता भरावी लागे. ती भरण्यास वेळ लागे आणि कौशल्यही लागे. पुढची काही दशके ही पद्धत पाठ्यपुस्तकांत होती. विसाव्या शतकाच्या मध्याला मात्र तिच्याविरुद्ध मत तयार झाले. कापड रक्त शोषून घेते, त्यामुळे बाहेर थेंब दिसत नसला तरी आत रक्तस्राव चालूच राहतो, असा एक आक्षेप होता. दुसरा आक्षेप जंतुसंसर्गाचा होता. तिसरे कारण फारसे बोलले गेले नाही, पण तेच बहुधा सर्वांत प्रभावी असावे. दरम्यानच्या काळात औषधे आली होती. लंडनमध्ये मॉयर आणि डडली यांनी १९३५ मध्ये अरगटमधील कार्यकारी द्रव्य, म्हणजे अरगोमेट्रिन, वेगळे केल्याचे जाहीर केले. अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिनची रासायनिक रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. एका इंजेक्शनने गर्भाशय आकुंचन पावत असेल तर कापड कोंबत कोण बसणार?

औषधांच्या या विजयाला एक मर्यादा होती. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. लंडनच्या रुग्णालयात ही अट जाणवतही नाही. जेथे दिवसातून आठ तास वीज जाते तेथे तीच अट निर्णायक ठरते. शिवाय काही स्त्रियांमध्ये सर्व औषधे देऊनही गर्भाशय सैलच राहते. अशा वेळी उरत असे ते पोट उघडून रक्तवाहिन्या बांधणे किंवा गर्भाशयच काढून टाकणे. ख्रिस्टोफर बी-लिंच या सिएरा लिओनमध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे कार्यरत असलेल्या शल्यविशारदाने १९९७ मध्ये एक टाका प्रसिद्ध केला. पाटलोणीचे पट्टे जसे खांद्यांवरून जातात तसा हा टाका गर्भाशयाच्या माथ्यावरून जातो आणि त्याला दाबून धरतो. त्याने अनेकींचे गर्भाशय वाचवले. तथापि त्यासाठीही पोट उघडावेच लागते. औषधे संपली आहेत आणि शस्त्रक्रिया अद्याप सुरू झालेली नाही, या मधल्या रिकाम्या जागेत फुग्याचा प्रवेश झाला.

हा फुगा प्रसूतिशास्त्राचा स्वतःचा नव्हता, तो उसना होता. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून होणारा रक्तस्राव रोखण्यासाठी सेंगस्टाकेन आणि ब्लेकमोर यांनी १९५० मध्ये न्यूयॉर्क येथे दोन फुगे असलेली नळी तयार केली होती. १९९० च्या दशकात काही प्रसूतितज्ज्ञांनी तीच नळी, टोक कापून, गर्भाशयात वापरली. मूत्राशयाच्या उपचारांसाठी बनलेला र्‍यूशचा फुगा असाच वापरला गेला. मूत्रमार्गासाठी फ्रेडरिक फोली यांनी १९३० च्या दशकात घडवलेला कॅथेटर तर प्रत्येक रुग्णालयात होताच, परंतु त्याचा फुगा लहान पडे. खास गर्भाशयासाठी घडवलेला फुगा सौदी अरेबियात काम करणाऱ्या युनूस बाकरी यांचा. त्यांनी १९९२ मध्ये कल्पना मांडली आणि २००१ मध्ये सिलिकॉनच्या, ५०० मिलिलिटर पाणी मावणाऱ्या फुग्याचा सविस्तर लेख प्रसिद्ध केला. या फुग्याच्या मध्यातून जाणारी नळी वरच्या बाजूस उघडी असते. गर्भाशयात साचणारे रक्त तिच्यातून बाहेर येते आणि रक्तस्राव थांबला की नाही ते कळते. कापडाच्या पट्टीवरील जुन्या आक्षेपाला दिलेले हे नेमके उत्तर होते. किंमत मात्र शेकडो डॉलरांच्या घरात होती.

ढाका, २००१

बाकरी यांचा लेख प्रसिद्ध झाला त्याच वर्षी ढाका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्रा. सायेबा अख्तर यांनी वेगळ्याच साहित्याने तेच काम सुरू केले. साहित्य असे होते : एक निर्जंतुक केलेला रबरी कॅथेटर, त्याच्या टोकावर चढवून रेशमी धाग्याने बांधलेला एक कंडोम आणि सलाईनचा संच. कंडोम गर्भाशयात सारून त्यात २०० ते ५०० मिलिलिटर सलाईन सोडायचे, रक्तस्राव थांबत आला की कॅथेटरचे बाहेरचे टोक दुमडून बांधायचे, फुगा खाली सरकू नये म्हणून योनिमार्गात जाळीदार कापड भरायचे आणि २४ ते ४८ तासांनी हळूहळू पाणी काढून घ्यायचे. जुलै २००१ ते डिसेंबर २००२ या काळात २३ स्त्रियांवर हा उपाय योजला गेला. सर्वांचा रक्तस्राव १५ मिनिटांच्या आत थांबला. हा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि काही वर्षांतच ‘सायेबाची पद्धत’ म्हणून ती आशिया व आफ्रिकेतील अनेक देशांत शिकवली जाऊ लागली. बांगलादेश शासनाने २०२० मध्ये अख्तर यांना एकुशे पदक दिले.

या शोधाची एक हकिकत सर्वत्र सांगितली जाते. डोळ्यांदेखत माता दगावताना पाहून अस्वस्थ झालेल्या डॉक्टरांना, एक लहान मूल कंडोमचा फुगा करून खेळत असल्याचे दृश्य आठवले आणि त्यातून कल्पना सुचली. हकिकत खोटी मानण्याचे कारण नाही. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने अशा कथांजवळ थोडे थांबावे. न्यूटनचे सफरचंद आणि आर्किमिडीजचे स्नानपात्र यांच्या रांगेत ही कथा बसवली की शोधाची खरी पूर्वतयारी झाकली जाते. फुग्याने गर्भाशयातील रक्तस्राव थांबतो हे तोवर ठाऊक झाले होते. अडचण होती ती किमतीची. आणि कंडोम ढाक्याच्या रुग्णालयात सहज हाताशी असणे, ही गोष्ट काही मुलाच्या खेळातून आलेली नव्हती. ती बांगलादेशातील कुटुंबनियोजन कार्यक्रमाच्या कित्येक वर्षांच्या वाटपातून आली होती. आपल्याकडे भारत सरकारने १९६८ मध्ये ‘निरोध’ बाजारात आणला आणि पुढे ते विशेषनाम न राहता सामान्यनामच झाले, हे वाचकांस ठाऊक आहेच. लोकसंख्या नियंत्रणासाठी राज्यसंस्थेने गावोगाव पोचवलेली वस्तू एका पिढीनंतर बाळंतिणीचा जीव वाचवण्यासाठी वापरली जावी, हा योगायोग त्या मुलाच्या खेळापेक्षा मला अधिक अर्थपूर्ण वाटतो.

याला पुष्टी देणारी गोष्ट मुंबईत सापडते. भारतीय प्रसूतितज्ज्ञांच्या महासंघाचे मुखपत्र असलेल्या नियतकालिकात २००३ मध्येच शिवकर, खादिलकर आणि गांधेवार यांचा, अनियंत्रित रक्तस्रावावर दाबाच्या फुग्याने करावयाच्या उपचारासंबंधीचा लेख प्रसिद्ध झाला. कंडोमच्या फुग्याची ही रीत भारतीय प्रसूतितज्ज्ञांच्या बोलण्यात व लेखनात ‘शिवकर पॅक’ या नावाने ओळखली जाते. दोन शहरे, एकच वर्ष आणि एकच वस्तू! श्रेय कोणाचे, हा वाद घालण्यात मला स्वारस्य नाही. समान टंचाई आणि समान सरकारी पुरवठा असलेल्या दोन ठिकाणी समान उत्तर सापडावे, यात नवल नाही. जगाच्या आरोग्यविषयक लेखनात मात्र ढाक्याचे नाव राहिले आणि मुंबईचे राहिले नाही. याचे एक साधे कारण असे संभवते की ढाक्याचा लेख कोणालाही विनामूल्य वाचता येईल अशा आंतरजालावरील नियतकालिकात आला होता.

याच वर्षी लंडनमधून कॉन्डस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंगस्टाकेन नळीच्या वापरावर लेख लिहिला आणि तिला ‘टॅम्पोनाड चाचणी’ म्हटले. हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. फुगा भरायचा, काही मिनिटे पाहायचे. रक्त थांबले तर शस्त्रक्रिया टळली, न थांबले तर तत्काळ पोट उघडायचे. लंडनच्या दृष्टीने फुगा ही शस्त्रक्रियागृहाच्या दारातील चाचणी होती. ज्या केंद्रात शस्त्रक्रियागृहच नाही, रक्तपेढी चाळीस-पन्नास मैलांवर आहे, तेथे तोच फुगा चाचणी न राहता संपूर्ण उपचार होतो. वस्तू तीच, पण तिचा अर्थ बदलला. पुढील वीस वर्षांच्या वादाचे बीज या बदलात आहे, असे माझे मत आहे.

अंगाभोवतीचा वेढा

दुसऱ्या प्रकारच्या साधनाचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. रक्त कमी झालेल्या रुग्णाच्या पायांना व पोटाला बाहेरून दाब दिला तर उरलेले रक्त हृदय, मेंदू आणि फुप्फुसे यांच्याकडे वळते. अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी १९०३ च्या सुमारास हवेने फुगणारा रबरी पोशाख याच तत्त्वावर वापरला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ वैमानिकांना वेगवान वळणात भोवळ येऊ नये म्हणून असे पोशाख बनले, व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी त्यांचा उपयोग झाला. १९७० च्या दशकात अमेरिकी अवकाश संस्थेच्या एम्स संशोधन केंद्रात, हवा न भरता केवळ ताणाने दाब देणारे त्याचे रूप विकसित झाले. निओप्रीनच्या ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या घोट्यापासून वर पोटापर्यंत क्रमाने गुंडाळून वेल्क्रोने चिकटवायच्या, इतकी ही कृती सोपी आहे. काढताना मात्र घाई चालत नाही. प्रकृती स्थिरावल्यावर घोट्याकडून सुरुवात करून प्रत्येक पट्टीनंतर १५ मिनिटे थांबून नाडी व रक्तदाब पाहावा लागतो.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात त्याचा वापर २००२ मध्ये पॉल हेन्सली यांनी पाकिस्तानातील मोजक्या स्त्रियांच्या अनुभवावरून नोंदवला. पुढे सुएलन मिलर यांनी इजिप्त व नायजेरियात विस्तृत अभ्यास केले. या वेढ्याने रक्तस्रावाचे मूळ कारण दूर होत नाही. तो रुग्णवाहिका येईपर्यंत, घाट उतरेपर्यंत, रक्ताची पिशवी मिळेपर्यंत वेळ विकत घेतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झांबिया व झिम्बाब्वे येथील चाचणीत मृत्यू कमी होण्याकडे कल दिसला, परंतु संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो निर्णायक ठरला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच, योग्य उपचार मिळेपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणून त्याची शिफारस केलेली होती. ही वस्तू बाळंतिणीपर्यंत पोचायला जवळजवळ एक शतक लागले, ही नोंद करून पुढे जाऊ.

आकड्यांची उलटतपासणी

ढाक्यानंतर कंडोमच्या फुग्याची घोडदौड सुरू झाली. हार्वर्डशी संबंधित थॉमस बर्क यांच्या गटाने कंडोम, कॅथेटर, सिरिंज आणि एकाच दिशेने पाणी जाऊ देणारी झडप असा संच तयार करून तो केनिया, दक्षिण सुदान आदी देशांत नेला. अहवालामागून अहवाल येत गेले आणि जवळजवळ प्रत्येकात यश ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या पुढे होते. २०२० मध्ये ९१ अभ्यासांतील ४,७२९ स्त्रियांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात यशाचे प्रमाण ८५.९ टक्के निघाले.

असे असता प्रश्न कोठे होता? बहुतेक अहवालांत ज्यांना फुगा बसवला त्यांचेच वर्णन होते. तशाच अवस्थेतील, परंतु फुगा न बसवलेल्या स्त्रियांचे काय झाले हे त्यांत नव्हते. काही स्त्रियांचा रक्तस्राव उशिरा का होईना औषधांनीच थांबणार होता. त्यांचे श्रेयही फुग्याच्या खात्यावर जमा झाले असणे शक्य आहे. इतिहासात आपण एकाच बाजूच्या बखरीवर विसंबून लढाईचे वर्णन करीत नाही. येथे दीर्घकाळ बखरी एकाच बाजूच्या होत्या.

दुसऱ्या बाजूचा पहिला दस्तऐवज २०१७ मध्ये आला. अलेक्सांद्र द्युमाँ आणि सहकाऱ्यांनी बेनिन व माली येथील सात रुग्णालयांत, ऑक्सिटोसिनने न थांबलेल्या रक्तस्रावाच्या ११६ स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी केली. ५७ जणींना मिसोप्रोस्टॉलसोबत कंडोमचा फुगा, ५९ जणींना केवळ मिसोप्रोस्टॉल. मोठी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे प्रमाण फुग्याच्या गटात १६ टक्के आणि दुसऱ्या गटात ७ टक्के आढळले. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे १० आणि २ टक्के होते. संख्या लहान असल्याने हा फरक योगायोगाचाही असू शकतो, हे संशोधकांनी प्रामाणिकपणे नमूद केले आहे. फुगा अपायकारक आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. परंतु तो तारक आहे असेही त्यातून म्हणता येत नाही. २०१९ मध्ये युगांडा, इजिप्त आणि सेनेगल येथील १८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे कंडोमच्या फुग्याचे प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने दिले गेले आणि प्रशिक्षणानंतर शस्त्रक्रिया वा मृत्यू यांचे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले दिसले.

हे निष्कर्ष अनेकांना पटले नाहीत आणि आक्षेपांत तथ्यही होते. संच हाताने जोडण्यात वेळ जातो, गाठ सैल राहते, कंडोम फुटतो, पुरेसे प्रशिक्षण मिळालेले नसते, असे समर्थकांचे म्हणणे होते. या आक्षेपांतून दक्षिण आफ्रिकेत ‘एलावी’सारखे तयार जोडलेले, तरीही तुलनेने स्वस्त फुगे पुढे आले. एक शक्यता मात्र अधिक अस्वस्थ करणारी आहे. फुगा बसवला की उपचार झाला असे वाटते. परिचारिका निश्चिंत होते, डॉक्टर रुग्णास पुढे पाठवण्याचा निर्णय लांबवतात, नातेवाईक गाडी परत पाठवतात. दोन तासांतील अर्धा तास असा निघून जातो. ही शक्यता आकड्यांनी सिद्ध झालेली नाही. पण ज्यांनी तालुक्याच्या ठिकाणचे प्रसूतिगृह पाहिले आहे, त्यांना ती अशक्य वाटणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस सुधारली. गर्भाशय सैल राहिल्याने होणाऱ्या आणि औषधांना दाद न देणाऱ्या रक्तस्रावात फुगा वापरावा, मात्र जेथे आवश्यकता पडल्यास तत्काळ शस्त्रक्रिया व रक्त उपलब्ध आहे, पहिल्या पायरीचे उपचार नित्यनेमाने दिले जातात, प्रशिक्षित कर्मचारी आहेत आणि रुग्णाच्या प्रकृतीवर सतत लक्ष ठेवता येते, अशाच ठिकाणी. म्हणजे फुगा पुन्हा शस्त्रक्रियागृहाच्या दारात येऊन उभा राहिला. ज्या रुग्णालयात काहीच नाही त्याच्यासाठी शोधलेली वस्तू, जेथे सर्व काही आहे तेथेच सुरक्षितपणे वापरता येते, असे हे विलक्षण वळण आहे. सायेबा अख्तर यांच्या कार्याचे मोल त्याने कमी होत नाही. ढाका वैद्यकीय महाविद्यालय हे मोठे रुग्णालय होते, तेथे शल्यविशारद होते, रक्त मिळत होते. त्यांचे २३ यशस्वी उपचार तेथे झाले होते. ही परिस्थिती मागे ठेवून केवळ कंडोम आणि धागा जगभर पाठवला गेला. ‘एका रुपयाच्या वस्तूने प्राण वाचतात’ हे वाक्य देणगीदारांना आणि वृत्तपत्रांना फार प्रिय असते. रक्तपेढीबद्दल असे आकर्षक वाक्य लिहिता येत नाही.

आकडे आपल्याकडेही हेच सुचवतात. नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण २००१-०३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ होते, २०१८-२० मध्ये ते ३३ वर आले. याच काळात देशाचे प्रमाण ३०१ वरून ९७ झाले. २००५ पासूनची जननी सुरक्षा योजना, रुग्णालयांतील बाळंतपणांत झालेली वाढ, रस्ते, रुग्णवाहिका, औषधे, रक्तसाठा आणि मुलींचे शिक्षण यांपैकी कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. एखाद्या साधनाच्या नावावर ही घट लिहिता येणार नाही, एवढे निश्चित.

बेळगावची पिशवी

आतापर्यंतच्या साधनांनी रक्त थांबवण्याचा प्रयत्न केला. ते किती गेले हा प्रश्न मात्र बहुधा डोळ्यांच्या अंदाजावर सोडलेला होता. ‘अंगावरून फार जातंय’ असे घरातील बाई म्हणते तेव्हा ‘फार’ म्हणजे किती? जुन्या बाया भिजलेल्या कापडांच्या घड्या मोजत. रुग्णालयात पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण घेतलेला डॉक्टरही शेवटी जमिनीवरचे, चादरीवरचे, किडनी ट्रेमधले रक्त पाहून अंदाजच सांगत असे. आणि रक्तस्राव जितका मोठा तितका हा अंदाज अधिक कमी येतो.

या प्रश्नावरील महत्त्वाचे काम मराठी-कानडी सीमेवर झाले. बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह एक चाचणी केली. शीतपेटीची गरज नसलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या साहाय्यक परिचारिकांनी प्रसूतीनंतर लगेच दिल्या तर रक्तस्राव टळतो का, हा तिचा विषय होता. १,६२० स्त्रियांच्या या चाचणीत अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि गोळीचीच चर्चा सर्वत्र झाली.

परंतु गोळीचा परिणाम ठरवण्यासाठी आधी रक्त मोजणे भाग होते, तेही घरी आणि उपकेंद्रात, दिव्याच्या उजेडात. त्यासाठी संशोधकांनी प्लास्टिकची एक चादर तयार केली. ती बाळंतिणीच्या खाली पसरून कमरेला बांधायची. तिचे खालचे टोक नरसाळ्यासारखे निमुळते होत जाते आणि त्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. बाळ झाल्यावर गर्भजल वाहून गेले की पिशवी उघडायची, मग जे जमेल ते रक्त. ‘ब्रास-व्ही’ हे तिचे नाव ती बनवण्यात सहभागी असलेल्या संशोधकांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून पडले. याच गटाने पिशवीतील मोजमाप आणि डोळ्यांचा अंदाज यांची तुलना केली, तेव्हा डोळ्यांचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी असल्याचे २००६ मध्ये दाखवले. एकतृतीयांश रक्त म्हणजे आजवर नजरेआड गेलेले रक्त होते.

या पिशवीला फुग्यासारखी कथा लाभली नाही. त्यात खेळणारे मूल नव्हते, अंतराळवीरांचा पोशाख नव्हता. तिच्याविषयी कोणी हळवे लेख लिहिले नाहीत. परंतु २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांतील, दोन लाखांहून अधिक प्रसूतींच्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. त्या चाचणीचा आधार अशीच खुणा केलेली पिशवी होता. रक्त मोजून वेळीच ओळखायचे आणि ओळखताच गर्भाशयाचे मर्दन, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, सलाईन आणि तपासणी हे सर्व क्रमाची वाट न पाहता एकदम सुरू करायचे. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ४.३ टक्के, तर या पद्धतीत १.६ टक्के आढळले. यांतील एकही उपचार नवा नव्हता. नवी होती ती वेळ. ५०० मिलिलिटरची रेषा ओलांडल्याचे दिसताच हात हलू लागले. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी, नाडी वा रक्तदाब बिघडलेला असेल तर ३०० मिलिलिटरपासूनच उपचार सुरू करावेत असे म्हटले आहे. मोजण्याची सोय नसेल तर या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

बेळगावच्या त्या चाचणीत गोळ्या देणाऱ्या आणि पिशवी हाताळणाऱ्या साहाय्यक परिचारिकांची संख्या २५ होती. पिशवीच्या नावात संशोधकांची आद्याक्षरे आहेत, परिचारिकांची नाहीत. त्यांच्यापैकी अनेकजणी आता सेवानिवृत्त झाल्या असतील. बाळंतिणीच्या घरी पिशवी पहिल्यांदा नेली तेव्हा सुईणींनी काय म्हटले, रक्त जपून ठेवण्यास घरच्यांनी आक्षेप घेतला का, खुणांवरचा आकडा वाढताना पाहून त्यांनी स्वतः कोणता निर्णय घेतला, गाडी कोठून आणली, हे ‘लॅन्सेट’च्या पानांवर नाही. ही माहिती कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांत विचारावी लागेल. मुलाखतींचे हे काम पुढील टप्प्यात हाती घेण्याचा प्रस्तुत लेखिकेचा मानस असून, सीमाभागातील महाविद्यालयांत काम करणाऱ्या प्राध्यापकांनी आपल्या परिसरातील अशा परिचारिकांची माहिती कळवल्यास त्याचा आरंभ करता येईल.